नुसती बॉडी आणू नका : जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची किंमत आम्ही कशी ठरवतो

ठाण्यात नौपाड्यातल्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून माळ्यांवरचे मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठी निगेटिव्ह देणारे, स्टुडिओ कॅमेरे आमच्या दुकानाच्या काउंटरवर येऊ लागले आहेत. विकणारे विचारतात, "हॅसलब्लाड आहे, किती येतील?" घेणारे विचारतात, "हॅसलब्लाड घेऊ, की त्यापेक्षा कमी पैशांत मामिया आरबीचा अख्खा सेट?" दोघांनाही आधी एकच सांगतो : पूर्ण सेट समोर ठेवा, मग भाव बोलू.

कारण साधं आहे. हॅसलब्लाड ५००सी/एम किंवा मामिया आरबी६७ यांचं मुख्य शटर (फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणारा पडदा) लेन्समध्ये असतं. तीन लेन्स म्हणजे तीन शटर, आणि सर्व्हिसचा खर्चही तीनदा. नुसती बॉडी पाहून आम्हाला जेमतेम आरसा आणि गिअर तपासता येतात. तरीही वाशी-ऐरोलीहून लोक फक्त बॉडी पिशवीत घालून येतात आणि लेन्स आणायला परत ट्रान्स-हार्बर लोकल पकडतात. त्यांचाही दिवस जातो, आमचाही.

त्याहून जास्त वेळ खातो तो घरी सुटा केलेला कॅमेरा. हॅसलब्लाडची लेन्स काढताना कॅमेरा वाइंड केलेला, म्हणजे चावी फिरवून पुढच्या फोटोसाठी भरलेला, असावा लागतो. लेन्स बाजूला ठेवली आणि कुणी सहज बटन दाबलं, तर बॉडीची स्प्रिंग सुटते पण लेन्सची भरलेलीच राहते. मग ती जोर लावून बसवली की दोन्ही एकमेकांत अडकतात. चांगला चालणारा कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर जातो आणि तो खर्च किमतीतून वजा होतो. लेन्सच्या मागची खाच लाल ठिपक्यासमोर नसेल तर ती बसवायचा प्रयत्नच करू नका. तशीच घेऊन या, जुळवून देतो. आणि मॅगझिनची (मागच्या फिल्मच्या पेटीची) डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, आत असताना बटन दाबलं जात नाही, तो बिघाड समजू नका.

मॅगझिनचीही किंमत असते. हॅसलब्लाडच्या ए१२ मॅगझिनच्या कवचावरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे आतल्या इन्सर्टवरही (रोल बसवायच्या भागावरही) असतात. दोन मॅगझिन पुसताना इन्सर्टची अदलाबदल झाली असेल तर आधी घरीच जोड्या लावा. जुळलेल्या जोडीला गिऱ्हाईक जास्त देतं. ए२४ मॅगझिन २२० रोलसाठी (नेहमीच्या १२० पेक्षा दुप्पट लांब) होतं. तो रोल आता जवळपास मिळतच नाही, म्हणून ते स्वस्त. "स्वस्त मिळालं" म्हणून घेण्याआधी एवढं बघा.

आता तुलना. आरबी६७ (१९७०) पूर्ण यांत्रिक, ६×७ सेंमीची निगेटिव्ह, ३५ मिमीच्या सुमारे साडेचारपट. पैशाच्या मानाने इतकी मोठी निगेटिव्ह क्वचितच मिळते. पण वजन भरपूर, आणि बेलोजला (लेन्स आणि बॉडीमधल्या घडीच्या पिशवीला) बारीक भोकं पडली असतील तर रोल खराब होतो. ते आम्ही अंधारात दिवा लावून पाहतो. हॅसलब्लाड महाग, पण परत विकताना भाव टिकतो. ब्रॉनिका ईटीआरएस किंवा एसक्यू-ए कमी पैशात उत्तम फोटो देतात. मात्र शटर इलेक्ट्रॉनिक, कंपनी बंद, सुटे भाग दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात. ६ व्होल्टचा सेल नसेल तर शटरचे सगळे वेग १/५०० सेकंदावरच चालतात, आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून मातीमोल विकतात. आधी सेल घालून पाहा. मामिया ६४५ चं शटर बॉडीत, म्हणून लेन्स स्वस्त आणि एका रोलवर १५-१६ फोटो. पहिल्यांदा फिल्मकडे वळणाऱ्याला आम्ही तोच सुचवतो. याशिका मॅट १२४जी ची लेन्स बदलता येत नाही, पण शिकायला छान.

फोनवर किंमत सांगा, असा आग्रह होतो. आम्ही सांगत नाही. परदेशी साइटवरचा आकडा विकणाऱ्याने मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. शिवाय आपल्याकडची खाडीकाठची हवा! चामड्याच्या पेटीत पावसाळे काढलेल्या लेन्सला बुरशी असतेच असं नाही, पण टॉर्च मारून पाहिल्याशिवाय कुणीही प्रामाणिक भाव सांगू शकत नाही. १ सेकंदावर शटर अडखळतं का, हेही ऐकावं लागतं. म्हणून कॅमेरा आम्ही ठेवून घेतो, प्रत्येक लेन्सचे वेग मोजतो, एक रोल काढून धुतो. रोलचा खर्च तुमचा, पण वेगांचा कागद आणि निगेटिव्ह तुम्हालाच मिळतात; कॅमेरा दुसरीकडे विकलात तरी दोन्ही उपयोगी पडतील. आमच्याकडून घेतलेल्या सेटसोबत हा कागद असतोच, आणि शटरची सहा महिने जबाबदारी आमची.

येताना बॉडी, सगळ्या लेन्स, मॅगझिन, फाइंडर (दृश्य बघायचा भाग) आणि डार्क स्लाइड, जसं जोडलेलं असेल तसंच आणा. लेन्स आतून पुसू नका. ६ व्होल्टचा सेल नसला तरी चालेल, तो दुकानात ठेवलेला असतो.