पिवळा रंग जात का नाही? वर्डमधलं हायलाइट आणि शेडिंग

मी मुद्रितशोधनाचं आणि छपाईसाठी फाइल तयार करण्याचं काम करते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी फोन करून हाच प्रश्न विचारतं. "हायलाइट काढलं, नो कलर दिलं, चारदा दिलं, तरी पिवळं तसंच आहे. फाइल बिघडली का?" फाइल बिघडलेली नसते. जे काढायचा प्रयत्न चाललाय ते तिथे नसतंच. तिथे असतं शेडिंग. दोन्ही पिवळी दिसतात, दोन्ही अक्षरांच्या मागे असतात, म्हणून एकाचं बटण दुसऱ्यावर चालवत माणसं तासन्‌तास घालवतात.

आधी सिलेक्ट करण्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांनाच येतं. माउसने ओढलं की मजकुरामागे करडी-निळसर छटा येते, दुसरीकडे क्लिक केलं की जाते. ही निवड फाइलमध्ये साठत नाही, छापलीही जात नाही. तरी "तो परिच्छेद हायलाइट कर आणि डिलीट कर" असं बोलायची सवय ऑफिसांत मुरली आहे. मला ती सवय अजिबात आवडत नाही. नव्याने शिकणारी व्यक्ती हे ऐकून खरोखरच पिवळा पेन हातात घेते. निवडण्याला सिलेक्टच म्हणा.

हायलाइटही तुमच्या ओळखीचं आहे. होम टॅबवर फॉन्टच्या गटात पेनाचं बटण असतं. त्यात 15 रंग आणि एक नो कलर. काही सिलेक्ट न करता ते बटण दाबलं तर माउसच पेन होतो आणि एस्केप दाबेपर्यंत रंगवत राहतो. पिवळं झालेलं छापलं जातं, हे मात्र पुष्कळांना प्रत हातात आल्यावरच कळतं.

आता शेडिंग. याचं बटण शेजारच्या परिच्छेदाच्या गटात, रंगाच्या बादलीच्या चित्राचं. यात थीमचे रंग, त्यांच्या फिकट-गडद छटा आणि हवा तो रंग मिळतो. चार शब्द सिलेक्ट करून बादलीतून पिवळा रंग दिला तर दिसायला हुबेहूब हायलाइट. डोळ्यांनी फरक ओळखता येईल असं मी म्हणणार नाही, मलाही ओळखता येत नाही.

फरक फाइलच्या पोटात असतो. वर्डची .docx फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, अनेक छोट्या फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं. उघडून पाहिली तर हायलाइट आणि शेडिंग या दोन वेगवेगळ्या नोंदी दिसतात. हायलाइटच्या नोंदीत रंगाचं ठरावीक नाव असतं आणि ती फक्त अक्षरांना लागते. शेडिंगच्या नोंदीत सहा अंकी-अक्षरी रंगसंकेत असतो आणि ती अक्षरांना लागते, अख्ख्या परिच्छेदाला लागते, कोष्टकाच्या घरालाही लागते. एकाच शब्दावर दोन्ही असू शकतात. तेव्हा वर हायलाइट दिसतं आणि शेडिंग त्याखाली दडून राहतं. हायलाइट काढून पांढरा कागद दिसण्याऐवजी खालून दुसराच रंग वर आला, असं झालं असेल तर कारण हेच.

बादली कुठे सांडते हे सिलेक्शन ठरवतं

लोक खरे अडतात ते इथे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

हायलाइटला तुम्ही परिच्छेदाचा कितवा भाग निवडलाय याच्याशी घेणंदेणं नाही. जेवढी अक्षरं सिलेक्ट, तेवढीच रंगणार. शेडिंगचं तसं नाही. परिच्छेदातले काही शब्द निवडून बादली दाबली तर ते शब्द रंगतात. काहीच न निवडता, नुसता कर्सर परिच्छेदात ठेवून दाबली तर अख्खा परिच्छेद रंगतो. आणि निवड करताना परिच्छेदाच्या शेवटची खूण आत आली, तरीही रंग परिच्छेदालाच लागतो.

ही शेवटची खूण म्हणजे ¶. एरवी ती दिसत नाही. होम टॅबवरचं ¶ बटण किंवा कंट्रोल-शिफ्ट-8 दाबलं की दिसू लागते. एंटर मारल्यावर जे तयार होतं ते हेच चिन्ह. परिच्छेदाचं समासापासूनचं अंतर, ओळींमधली जागा, डावी-उजवी मांडणी आणि त्याचं शेडिंग हे सगळं या चिन्हाशी बांधलेलं असतं. म्हणून हे चिन्ह निवडीत आहे की नाही, यावर बादलीचा रंग कुठे जाणार ते ठरतं.

तीनदा क्लिक करून परिच्छेद निवडला की ¶ आत येतंच. माउसने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत ओढलं तरी येऊ शकतं, कारण वर्डमध्ये 'स्मार्ट पॅराग्राफ सिलेक्शन' नावाची सोय आहे. पूर्ण परिच्छेद निवडताय असं दिसलं की ती ¶ आपोआप निवडीत ओढून घेते. ते नको असेल तर परिच्छेद निवडून झाल्यावर शिफ्ट धरून डावा बाण एकदा दाबायचा. मी काम करताना ¶ कायम दिसतं ठेवते. पडदा थोडा भरल्यासारखा वाटतो, पण आठवड्याभरात सवय होते, आणि निवडीची छटा चिन्हापर्यंत गेली की त्याच्या आधीच थांबली ते स्वच्छ दिसतं.

परिच्छेदाला लागलेलं शेडिंग ओळखणं सोपं आहे. पट्टा डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत सलग जातो. शेवटच्या ओळीत दोनच शब्द असले तरी उरलेली रिकामी जागाही रंगते. अक्षरांना लागलेलं शेडिंग मात्र हायलाइटसारखंच अक्षरांना चिकटून राहतं, आणि सगळा घोळ त्याचाच.

समजा, परिच्छेदातली तीन वाक्यं शेडिंगने पिवळी आहेत. तुम्ही शिकलात की हे शेडिंग आहे, बादलीतून नो कलर द्यायचं. तीनदा क्लिक करून परिच्छेद निवडला, नो कलर दिलं, पिवळं जागच्या जागी. आता मात्र माणूस हताश होतो. झालंय इतकंच की ¶ निवडीत आल्यामुळे तुमचं नो कलर परिच्छेदाच्या शेडिंगला गेलं. ते तिथे नव्हतंच. अक्षरांच्या शेडिंगला हातही लागला नाही.

काढायचं कसं

रंगलेला भाग निवडा आणि आधी पेनातून नो कलर द्या. गेलं तर हायलाइट होतं, काम संपलं.

राहिलं तर निवड तशीच ठेवून बॉर्डरच्या बटणाशेजारचा बाण दाबा. यादीच्या तळाशी 'बॉर्डर्स अँड शेडिंग' आहे. त्यातला शेडिंगचा टॅब उघडा, फिलमध्ये नो कलर आणि पॅटर्नमध्ये क्लिअर निवडा. मग उजवीकडे खाली 'अप्लाय टू' लिहिलेली छोटी यादी आहे तिकडे बघा. तिथे 'टेक्स्ट' आणि 'पॅराग्राफ' असे पर्याय असतात. एकदा टेक्स्ट निवडून ओके करा. तरीही रंग असेल तर पुन्हा उघडून पॅराग्राफ निवडा. ही छोटी यादी कुणी पाहतच नाही, आणि बहुतेकांचं उत्तर तिथेच असतं. एवढ्यानंतरही रंग उरला तर तो कोष्टकाच्या घराचा असेल किंवा परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, असेल. तो तिथे जाऊनच बदलायचा.

झटपट उपाय म्हणून कंट्रोल-स्पेसबार सुचवला जातो. त्याने अक्षरांचं शेडिंग जातं हे खरं, पण हाताने दिलेलं बोल्ड आणि इटॅलिकही जातं. एका प्रबंधात विद्यार्थ्याने कंट्रोल-ए करून हा उपाय केला आणि संदर्भसूचीतल्या सगळ्या ग्रंथनामांचं इटॅलिक उडालं. ती दोनशेच्या वर नावं मी आणि त्याने मिळून दोन रात्री बसून पुन्हा तिरकी केली. परिच्छेदाचं शेडिंग काढायला कंट्रोल-क्यू सुचवतात, त्याने समासापासूनचं आणि ओळींमधलं अंतरही मूळ स्टाइलवर जातं. 'क्लिअर ऑल फॉरमॅटिंग' हे खोडरबराचं बटण तर सगळंच पुसतं, फक्त हायलाइट पुसत नाही. पिवळं घालवायला म्हणून ते दाबणाऱ्याच्या हाती मजकूर साधा आणि पिवळं तसंच, अशी फाइल येते. एक-दोन शब्दांवर या किल्ल्या वापरा. अख्ख्या दस्तऐवजावर वापरू नका.

पांढऱ्या रंगाने झाकण्याचा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. रंग जात नाही म्हणून बादलीतून पांढरा द्यायचा. खाली हायलाइट असेल तर ते वरच राहतं, काहीच साधत नाही. शेडिंग असेल तर पिवळ्याच्या जागी पांढरं शेडिंग येतं आणि पांढऱ्या कागदावर ते दिसत नाही एवढंच. पुढे तोच मजकूर कुणी फिकट निळ्या चौकटीत नेला की प्रत्येक वाक्यामागे पांढरे पट्टे उघडे पडतात. मग ते शोधत बसायचं काम छपाईच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येतं.

पण मी शेडिंग दिलंच नव्हतं

हेही मी रोज ऐकते आणि बोलणारा खरं बोलत असतो. वेबपानावरून मजकूर चिकटवला की त्यामागचा रंग शेडिंग म्हणून येतो. गूगल डॉक्समध्ये हायलाइटला हवा तो रंग देता येतो. वर्डच्या हायलाइटकडे मोजकेच नावाचे रंग आहेत, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलीत पुष्कळदा शेडिंग असतं. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तर हे सरळ सेटिंगमध्येच विचारलेलं आहे. टूल्स, ऑप्शन्स, मग लोड-सेव्हखाली मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथे गेलात तर अक्षरांचा रंग वर्डच्या फाइलीत हायलाइट म्हणून लिहायचा की शेडिंग म्हणून, ते निवडता येतं. तुमच्या गटात कुणी रायटर वापरत असेल तर त्यांना तिथे हायलाइट निवडायला सांगा. रायटरच्या आत मात्र कंट्रोल-एमने, म्हणजे तिथल्या फॉरमॅटिंग पुसायच्या किल्लीने, हायलाइटही पुसलं जातं, म्हणून वर्डच्या सवयी तिथे जशाच्या तशा नेऊ नका.

कुठे काय वापरायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. 'इथे तारीख तपासा', 'हा उतारा गाळायचा का' अशा तात्पुरत्या खुणांना हायलाइट, कारण ते शोधता येतं. फाइंडच्या चौकटीत शब्दाची जागा रिकामी ठेवून फॉरमॅटमधून हायलाइट निवडलं की वर्ड एकेक खूण दाखवत जातं. रंगांत भेद करत नाही, सगळे रंग सारखेच धरतं. म्हणून हिरवं म्हणजे एक आणि गुलाबी म्हणजे दुसरं असे संकेत फार वाढवू नका. शेडिंगला त्या यादीत जागाच नाही. पुस्तकात कायम राहायच्या रंगीत चौकटी, शीर्षकांमागचे पट्टे यांना शेडिंग, आणि तेही स्टाइलमध्ये घालून. वर्डच्या स्टाइलमध्ये हायलाइट घालता येत नाही, त्यामुळे हायलाइटने सजवलेली चाळीस शीर्षकं बदलायची म्हणजे चाळीसदा बदलायची. आणि प्रश्न विचारायचा असेल तर रंगासोबत कॉमेंट जोडा. नुसत्या पिवळ्या ओळीवरून तुम्हाला तिथे काय खटकलं ते मला कळू शकत नाही.

फाइल देण्याआधी हायलाइट काढायचं तर कंट्रोल-ए आणि पेनातून नो कलर हे बरोबरच आहे. पण कंट्रोल-ए सगळं निवडतं हा समज चुकीचा आहे. कर्सर मुख्य मजकुरात असेल तर फक्त मुख्य मजकूर निवडला जातो. तळटिपा, पानाच्या वरचं-खालचं हेडर-फूटर आणि मजकुराच्या स्वतंत्र चौकटी बाहेरच राहतात. प्रबंधात पिवळं सर्वांत जास्त उरतं ते तळटिपांमध्ये, कारण पान क्रमांक तपासायच्या खुणा तिथेच केलेल्या असतात. एखाद्या तळटिपेत क्लिक करून तिथे पुन्हा कंट्रोल-ए दाबा, मग नो कलर द्या.