हेवी ड्यूटी पिकअप, कोरडे डिझेल आणि आडवा झालेला रोलर

अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअप ट्रकांची चर्चा जिथे निघते, तिथे ‘जुने ते सोने’ हा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. १९९०च्या दशकातला ट्रक पाच लाख मैल चालला, आजचा मात्र लाख मैलांच्या आत भर रस्त्यात बंद पडला, मालकाच्या हाती दहा हजार डॉलरचे बिल आले आणि हे सगळे डिझेलमधले गंधक काढून टाकल्यामुळे झाले, अशी ती हकिकत असते. या हकिकतीतले बिल खरे असते आणि मनस्तापही खरा असतो. कारणमीमांसा मात्र अर्धवट असते, आणि तिच्यातून सुटलेला अर्धा भाग अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार सुंदर आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे पिकअप म्हटल्यावर भाजी, सिमेंट किंवा दुधाचे कॅन वाहणारी छोटी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतले फोर्ड सुपर ड्यूटी, शेवरोले सिल्वराडो एचडी किंवा रॅम २५०० आणि ३५०० हे ट्रक त्या जातीचे नव्हेत. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे भारे, बोटी, छोटी खोदयंत्रे मागे जोडून शेकडो मैल ओढण्यासाठी ते घेतले जातात आणि वरच्या श्रेणीतल्या ट्रकाची किंमत एक लाख डॉलरच्या घरात जाते. एवढे पैसे मोजणाऱ्याची अपेक्षा साधी असते : वडिलांचा ट्रक जितका चालला तितका हा चालावा, आणि ओझे मात्र तिप्पट ओढावे.

‘तिप्पट’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९८९ साली डॉज पिकअपमध्ये पहिल्यांदा कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसवले गेले, तेव्हा त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता. २०२३च्या फोर्ड सुपर ड्यूटीमधले ६.७ लिटरचे इंजिन ५०० अश्वशक्ती आणि सुमारे १,६३० न्यूटन-मीटर देते. म्हणजे इंजिनाचे आकारमान जेमतेम सातव्या हिश्शाने वाढले आणि त्याच्याकडून घेतले जाणारे काम तिपटीने वाढले. शिवाय याच काळात काजळी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरच्या मर्यादा पूर्वीच्या दहा टक्क्यांच्याही बऱ्याच खाली आणल्या गेल्या.

त्या ५.९ लिटरच्या इंजिनाची ओळख मराठी वाचकाला परकी नाही. जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार झालेले याच घराण्यातले इंजिन टाटाच्या मध्यम आणि अवजड ट्रकांमध्ये वर्षानुवर्षे धावले, आणि ज्या ट्रकांच्या नावापुढे ‘टीसी’ ही अक्षरे असत त्यांनी घाटाघाटांतून किती ऊस, कांदा आणि कोळसा वाहिला याची गणती नाही. या इंजिनाविषयीचा आदर योग्यच आहे. परंतु अमेरिकेतल्या रस्त्यावर आज दिसणारा १९९४चा ट्रक हा त्या वर्षीच्या ट्रकांपैकी टिकलेला ट्रक आहे. जे भंगारात गेले ते आपल्याला दिसत नाहीत, त्यामुळे हिशेबातही येत नाहीत. त्या इंजिनाच्या पुढच्या गिअर-केसमध्ये एक छोटी पोलादी पिन होती, जी कंपनाने सैल होऊन गिअरांमध्ये पडे आणि इंजिन उद्ध्वस्त करू शके. १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंत त्याच इंजिनावर बॉशचा व्हीपी४४ हा फिरता पंप होता, आणि टाकीकडून डिझेल पुरवणारा छोटा पंप अशक्त झाला की हा मोठा पंप कोरडा पडून निकामी होई. फोर्डच्या २००३ ते २००७मधल्या ६ लिटरच्या इंजिनाचे नाव तर आजही मेकॅनिक वैतागूनच घेतात. सोन्याच्या काळातही पितळ भरपूर होते.

मग आजच्या मालकाची तक्रार निराधार आहे का? मुळीच नाही. ती कुठे खरी ठरते हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाच्या इंधनपंपात शिरावे लागेल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो आणि तो आपोआप पेटतो. फवारा जितका बारीक, तितके ज्वलन पूर्ण आणि काजळी कमी. आजच्या कॉमन रेल पद्धतीत डिझेल एका जाड नळीत, म्हणजे ‘रेल’मध्ये, प्रचंड दाबाखाली साठवलेले असते आणि प्रत्येक इंजेक्टर एका स्फोटासाठी अनेक छोटे फवारे मारतो. तो दाब २,००० बारपर्यंत, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दोन टन इतका असतो. हा दाब निर्माण करणारा बॉशचा सीपी४.२ हा पंप २०११पासून फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या हेवी ड्यूटी ट्रकांत आला. त्यात दोन दट्टे आहेत. प्रत्येक दट्ट्याखाली त्याला वर ढकलणारा एक टॅपेट, टॅपेटच्या तळाशी एक दंडगोल रोलर, आणि तो रोलर फिरत्या कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या दांड्यावर, गडगडत राहतो. कॅमचा उंचवटा आला की दट्टा वर ढकलला जातो आणि डिझेल रेलमध्ये जाते.

या सगळ्या रचनेत इंजिन-ऑइलचा थेंबही नाही. जुन्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्सवर १९९४पासून जो रांगेतल्या दट्ट्यांचा पंप होता, त्याच्या कॅमला इंजिनाचे वंगण मिळत असे. सीपी४मध्ये कॅम आणि रोलर यांच्यामध्ये असते ते फक्त डिझेल, म्हणजे जे इंधन जळायला निघाले आहे तेच वाटेत वंगणाचे कामही करते. ४० अंश सेल्सियसला डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर ट्रकातल्या नेहमीच्या इंजिन-ऑइलची शंभराच्या वर. इतक्या पातळ द्रवाने पोलादाला पोलादापासून दूर कसे ठेवावे?

इथे निसर्गाने एक विलक्षण सोय केली आहे. रोलर आणि कॅम एका अरुंद पट्टीवर टेकतात, आणि तिथला दाब रेलमधल्या दाबाच्याही कितीतरी पट, दहा हजार बारच्या घरात जातो. त्या दाबाखाली पोलाद किंचित दबून सपाट होते, आणि त्या पट्टीत अडकलेल्या डिझेलची श्यानता हजारो पटींनी वाढते. सेकंदाच्या अत्यल्प भागापुरते ते जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. त्यामुळे मायक्रोमीटरच्या काही दशांश जाडीचा एक पापुद्रा तयार होतो आणि दोन धातू एकमेकांना न शिवता एकमेकांवरून जातात. बर्नार्ड हॅमरॉक आणि डंकन डाउसन यांनी १९७०च्या दशकात या पापुद्र्याची जाडी काढण्याची सूत्रे मांडली, आणि त्यातला निष्कर्ष प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटतो. ओझे दुप्पट केले तर पापुद्रा जेमतेम पाच टक्क्यांनी पातळ होतो. पण द्रवाला त्या फटीत ओढून नेणारा वेग निम्मा केला तर तो सुमारे ३७ टक्क्यांनी पातळ होतो. म्हणजे या पंपाचा खरा शत्रू ओझे नसून हरवलेला वेग आहे.

हा वेग म्हणजे कॅमच्या आणि रोलरच्या पृष्ठभागांच्या वेगांची सरासरी. रोलर मोकळा गडगडत असेल तर दोघांचे वेग समान असतात आणि सरासरी पूर्ण मिळते. रोलर अडकला, तर त्याचा वेग शून्य होतो आणि सरासरी निम्मी होते. त्याच वेळी घासण्याने उष्णता वाढते, उष्णतेने डिझेल आणखी पातळ होते, आणि श्यानता घटली की पापुद्रा वेग घटल्यावर जसा पातळ होतो तसाच पुन्हा होतो. जाडी पृष्ठभागाच्या खडबडीतपणाइतकी खाली आली की धातूला धातू लागतो.

सीपी४च्या निकामी पंपांमध्ये वारंवार दिसलेले चित्र याहून एक पायरी पुढचे आहे. टॅपेट गोल भोकात वर-खाली होतो. काही कारणाने, उदाहरणार्थ डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे आल्याने, रोलर आणि कॅम यांचा संपर्क क्षणभर सुटला, तर टॅपेट स्वतःभोवती वळू शकतो. मग रोलर कॅमला आडवा होतो. पोळपाटावर लाटणे त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलले तर ते फिरत नाही, नुसते खरवडते. इथेही तसेच होते, फरक एवढाच की कॅमचे पोलाद खरवडले जाते. त्यातून निघालेला चमकणारा बारीक चुरा डिझेलबरोबर रेलमध्ये जातो, इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत जातो आणि परतीच्या नळीने टाकीतही पोचतो. एक पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, नळ्या आणि सगळे इंजेक्टर बदलावे लागतात, टाकी धुवावी लागते. दहा हजार डॉलरचे बिल येते ते यामुळे.

आता गंधकाकडे येऊ. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा २००६पासून दहा लाखांत १५ भागांवर आली; भारतात बीएस-६बरोबर एप्रिल २०२०पासून ती १० भाग आहे. परंतु वंगणाचे काम गंधक करत नव्हते. गंधक काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यात डिझेलवर उत्प्रेरकाच्या साहाय्याने, उष्णता आणि दाब देऊन हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले ध्रुवीय रेणूही जातात, आणि हेच रेणू धातूला चिकटून शेवटच्या क्षणी त्याचे रक्षण करणारे असतात. म्हणून कारखान्यातून निघण्यापूर्वी किंवा वितरणाआधी डिझेलमध्ये वंगणक्षमता वाढवणारी मेदाम्ले किंवा त्यांचे एस्टर अत्यल्प प्रमाणात घालतात. दोन टक्के बायोडिझेलही हे काम उत्तम करते.

वंगणक्षमता मोजण्याची चाचणी पाहण्यासारखी आहे. ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २०० ग्रॅमच्या भाराखाली, ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडवलेल्या चकतीवर, सेकंदाला ५० वेळा १ मिलिमीटर अंतर पुढे-मागे घासतात. ७५ मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरचा व्रण मोजतात. युरोपच्या मानकात आणि आपल्या आयएस १४६० या भारतीय मानकात हा व्रण ४६० मायक्रोमीटरपेक्षा मोठा चालत नाही. अमेरिकेच्या मानकात ५२० चालतो. युरोपच्या डिझेलसाठी घडवलेला पंप अमेरिकेतल्या कोरड्या, म्हणजे कमी वंगणक्षमतेच्या, डिझेलवर चालवला, हाच तिथल्या मालकांनी न्यायालयांत मांडलेला मुख्य मुद्दा होता. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६च्या ट्रकांबाबत काही राज्यांतल्या मालकांशी २०२४मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

मग दोष डिझेलचा की पंपाचा? रॅम ट्रकांच्या बाबतीत हा प्रयोग कोणी न ठरवता आपोआप घडला. २०१८पर्यंत त्यांच्या ६.७ लिटरच्या कमिन्सवर बॉशचाच जुना सीपी३ पंप होता. त्यात तीन दट्टे आहेत आणि टॅपेटचा तळ सपाट आहे, त्यामुळे आडवा होण्यासारखा रोलरच नाही. वंगण मात्र त्यालाही डिझेलचेच मिळते. २०१९ आणि २०२०मध्ये तिथे सीपी४.२ आला. नोव्हेंबर २०२१मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास ट्रक परत बोलावण्यात आले आणि त्यांना सीपी३ बसवायचे ठरले. देश तोच, डिझेल तेच, इंजिन तेच, मालकांच्या सवयीही त्याच; बदलला तो फक्त पंप. यावरून माझे मत असे झाले आहे की डिझेलने सुरक्षिततेची फट अरुंद केली हे खरे, पण त्या फटीत सहज अडकणारी रचना निवडणे हा अभियंत्यांचा आणि हिशेबनिसांचा निर्णय होता.

या ठिकाणी इंधन सुधारण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बाटल्या आणि तोडग्यांच्या बाजाराविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. डिझेलच्या नळीला चुंबक बांधला की इंधन ‘सरळ’ होते आणि इंजिनाचे आयुष्य वाढते, हा दावा निखालस खोटा आहे. हायड्रोकार्बनच्या रेणूंवर अशा चुंबकाचा उपयोगी पडेल असा कोणताही परिणाम होत नाही. आपल्याकडे बीएस-६ गाड्यांच्या टाकीत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांचे तेल, ओतण्याचा सल्ला दिला जातो, तोही पाळू नये. ते तेल डिझेलसाठी बनवलेले नाही, आणि त्यातील राख होणारे घटक धुराड्यातल्या काजळीच्या फिल्टरमध्ये कायमचे साठतात, कारण काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही.

मालकाच्या अपेक्षेचा प्रश्न आता नीट मांडता येतो. भरवसा म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो : यंत्र किती वेळा बिघडते, आणि बिघडताना किती पूर्वसूचना देते व किती नुकसान करते. पहिल्या कसोटीवर आजचे ट्रक वाईट नाहीत. बहुतेक सीपी४ पंप तक्रारीविना चालतात, आणि तिथल्या डिझेल इंजिनांना निदान पाच वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी मिळते. जुना पंप मात्र झिजत झिजत जाई. सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग धूर, मग चढावर जोर कमी, अशा तक्रारी महिनोन्‌महिने चालत आणि मालकाला पैशांची जुळवाजुळव करायला सवड मिळे. नव्या पंपात मायक्रोमीटरच्या दशांशावर सगळा कारभार असल्याने सुस्थिती आणि सर्वनाश यांच्यामध्ये मधली अवस्था जवळजवळ उरलेलीच नाही. वडिलांचा ट्रक पाहून तयार झालेली अपेक्षा मोडते ती या दुसऱ्या कसोटीवर, आणि विक्रीच्या पत्रकात टॉर्क व ओढण्याची क्षमता ठळक छापताना तिचा उल्लेखही नसतो.

ज्यांच्याकडे असा ट्रक आहे त्यांच्या हातात काही गोष्टी आहेत. इंधनाचा फिल्टर वेळेआधी बदलणे, पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातले पाणी नियमित काढणे, पाण्याचा दिवा लागल्यावर गाडी पुढे न रेटणे, टाकी तळाला जाऊ न देणे आणि गर्दीच्या पंपावरच डिझेल भरणे, या सवयी आपल्याकडच्या कॉमन रेल गाड्यांनाही, विशेषतः पावसाळ्यात, तितक्याच लागू आहेत. अमेरिकेतले जाणकार मेकॅनिक याखेरीज पंपावरचा इंधन मोजून आत सोडणारा व्हॉल्व्ह अधूनमधून काढून त्याच्या जाळीवर चमकणारा चुरा आहे का ते पाहतात; पंप गेलेला नसताना मिळू शकणारा तो महत्त्वाचा पुरावा असतो. काही मालक नळ्यांची रचना बदलणारा एक संच बसवून घेतात, ज्यामुळे कॅमच्या भागातले डिझेल रेलकडे न जाता आधी टाकीकडे वळते. त्याने पंप वाचत नाही. इंजेक्टर वाचतात, आणि बिलातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच असतो.