गावचा कच्चा रस्ता डांबरी करायचा, तर पैसे कुणी द्यायचे? अर्ज कुठे, कागद कोणते

"आमच्या वस्तीचा रस्ता कच्चा आहे, डांबरी करून मिळावा." या एका ओळीचा अर्ज तहसीलमध्ये जातो, लोकशाही दिनात जातो, आमदारांच्या कार्यालयात जातो. काही महिन्यांनी उत्तर येतं की सदर बाब या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाही. तोवर एक पावसाळा उलटतो, बाळंतिणीला चिखलातून उचलून मुख्य रस्त्यावर आणावं लागतं आणि दूध डेअरीपर्यंत पोचेस्तोवर नासतं. एवढी गरज खरी असूनही अर्ज फिरत राहतो, कारण पैसे कुणी द्यायचे हे गरजेवरून ठरत नाही. रस्ता सरकारी दप्तरात कोणत्या नावाने नोंदलेला आहे, यावरून ते ठरतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी ती नोंद शोधायची.

रस्ता कुणाचा?

महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी रस्त्यांची उतरंड आहे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (कागदोपत्री 'इजिमा') आणि ग्रामीण मार्ग ('ग्रा.मा.') जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. शेतात जाणारे पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि गाडीवाटा या उतरंडीत येतच नाहीत. त्यांचा मामला महसूल खात्यापासून, म्हणजे तहसीलदारांपासून सुरू होतो.

तुमच्या रस्त्याला ग्रा.मा. किंवा इजिमा क्रमांक आहे का, हे पंचायत समितीतल्या जिल्हा परिषद बांधकाम उपविभागात कळतं. उपअभियंत्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि क्रमांक, एकूण लांबी, डांबरी किती, खडीकरण झालेली किती, कच्ची किती ही माहिती लेखी मागा. तोंडी उत्तरावर थांबू नका. १९८१-२००१ आणि त्यानंतरच्या २००१-२०२१ या रस्ते विकास योजनांमध्ये जे रस्ते धरले गेले, त्यांना क्रमांक मिळाले. नंतर वाढलेल्या वाड्यावस्त्यांचे कितीतरी रस्ते तसेच बिनक्रमांकाचे राहिले. क्रमांक नसलेल्या रस्त्याला बहुतेक मोठ्या लेखाशीर्षांतून (सरकारी अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यांतून) पैसा मिळत नाही. तुमचा रस्ता तसा निघाला, तर पहिली मागणी डांबराची करू नका. 'रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून योजनेत समाविष्ट करावा' अशी करा. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव बांधकाम विभागामार्फत जिल्हा परिषदेकडे आणि तिथून पुढे शासनाकडे जातो. यात वेळ जातो हे खरं, पण ही पायरी टाळून केलेला पाठपुरावा पुन्हा इथेच येऊन अडतो.

पैसा कोणत्या वाटेने येतो

सगळ्यात मोठी वाट प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची. ती २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा वाटा झाला. या योजनेत मोजमापाचा घटक गाव नसून वस्ती आहे, आणि अनेक अर्ज इथेच चुकतात. महसुली गावाला डांबरी रस्ता असला, तरी त्याच गावाची तीन किलोमीटरवरची वाडी 'न जोडलेली वस्ती' ठरू शकते. बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर, डोंगराळ भागात पायवाटेने दीड किलोमीटर दूर असलेली वस्ती न जोडलेली धरतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला. २०२८-२९ पर्यंत देशभरात २५,००० वस्त्या जोडायच्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधायचे, असं उद्दिष्ट आहे. यासाठी २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते. सपाटीवर ५०० किंवा अधिक. आदिवासी अनुसूचित क्षेत्र, आकांक्षित (सरकारने मागास म्हणून निवडलेले) जिल्हे आणि तालुके यांत २५० किंवा अधिक. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १०० किंवा अधिक. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडच्या पाड्यांना आणि टोल्यांना ही सवलत फार मोलाची आहे. ग्रामसेवक सवयीने "पाचशे भरत नाहीत" म्हणाले, तर आपलं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का ते आधी पाहा. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याचीही सोय या योजनेत आहे. एकट्या वाडीची संख्या कमी पडत असेल, तर शेजारच्या वाडीला सोबत घेऊन ठराव करा.

या योजनेतून गावठाणातल्या गल्ल्या होत नाहीत, शेतरस्तेही होत नाहीत. जमीन विकत घेण्यासाठी तिच्यात एक रुपयाही नाही. जागा मोकळी करून देण्याची जबाबदारी राज्याची, म्हणजे व्यवहारात गावाची. आखणी ठरवताना अभियंता, सरपंच, तलाठी आणि ग्रामस्थ यांनी मिळून रस्त्याने पायी फिरून पाहायचं असतं. त्या दिवशी शेतावर जाऊ नका. मोऱ्या कुठे हव्यात, पाणी कुठून वाहतं, कुणाचा बांध सरकतो, हे सांगायची वेळ तीच.

दुसरी वाट मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेची. २०१५ साली राज्याने ती सुरू केली, कारण आधीच्या ग्रामीण रस्त्यांची दुरवस्था झाली होती आणि केंद्राच्या निकषांत न बसणारे रस्ते मागे पडत होते. यात राज्याचा पैसा आहे, आणि आशियाई विकास बँकेचं कर्जही आहे. २०१९ मध्ये २० कोटी डॉलर्सच्या कर्जाचा करार झाला, तो ३४ जिल्ह्यांतले सुमारे २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्ते सुधारण्यासाठी. या दोन्ही योजनांचं काम महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेमार्फत चालतं. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यकारी अभियंता बसतात. त्यांचं कार्यालय जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाहून वेगळं असतं. इथेही अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊ शकतो.

तिसरी वाट जिल्हा नियोजन समितीची, आणि माझ्या मते सामान्य गावासाठी हीच सगळ्यात जवळची. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. ग्रामीण मार्गांसाठी ३०५४ आणि इतर जिल्हा मार्गांसाठी ५०५४ या लेखाशीर्षांखाली पैसा जिल्हा परिषदेकडे येतो. बांधकाम विभागात गेल्यावर "तीस चोपन्नमध्ये बसतंय का बघू" असं कानावर येतं, ते हेच. मागणी जास्त आणि रक्कम कमी, त्यामुळे एका वर्षात पूर्ण रस्ता क्वचितच मिळतो. अर्धा-एक किलोमीटरचे तुकडे मंजूर होतात. एका वर्षी खडीकरण होतं, पुढच्या वर्षी डांबर येईल असं सांगितलं जातं, ते येत नाही आणि खडी उखडून रस्ता आधीपेक्षा वाईट होतो. म्हणून ठरावात लांबीसोबत कामाचे थरही लिहा: मातीकाम, मुरूम, खडीकरण, कार्पेट (डांबर-खडीचा थर), सीलकोट (त्यावरचा पाणी रोखणारा पातळ थर). काळ्या मातीतून जाणारा रस्ता असेल, तर मोऱ्या आणि बाजूची गटारं अंदाजपत्रकात आहेतच असा आग्रह धरा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर पातळ थर टाकलेलं डांबर दोन पावसाळे काढत नाही. सगळ्या थरांना पैसा पुरणार नसेल, तर लांबी कमी करा पण थर पूर्ण करून घ्या.

याशिवाय ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं होतात. आमदारांचा आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. वाडीच्या छोट्या तुकड्याला तो उपयोगी पडतो. पाच किलोमीटरच्या रस्त्याची आशा त्यावर ठेवू नये.

वस्ती कुणाची आहे, यावरूनही वेगळे निधी मिळतात, आणि गावोगावी हेच विसरलं जातं. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे वस्ती विकासाची योजना आहे. आदिवासी वाड्या-पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. विमुक्त-भटक्यांच्या तांड्यांसाठी वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजना. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीचा वाटा थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही असतो; चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाधित गावांनी त्याची चौकशी जरूर करावी.

गावठाणातल्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीचा स्वनिधी आणि वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी. पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला निधी रस्त्यावर वळवता येत नाही, त्यामुळे "वित्त आयोगाचे एवढे पैसे आले, रस्ता का नाही?" या प्रश्नाचं उत्तर कधीकधी खरंच नियमात असतं.

शेतरस्ता असेल तर

पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. रोजगार हमीचा पैसा आणि इतर निधी एकत्र करून हे रस्ते करायचे, अशी तिची रचना. पण पैशाआधी रस्ता मोकळा हवा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. दुहेरी तुटक रेष असेल तर तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेष असेल तर पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. नकाशात रस्ता आहे आणि कुणी तो नांगरून आत घेतला आहे, तर तहसीलदारांकडे अतिक्रमण काढण्याचा अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता कुणी नुकताच अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत सांभाळा. नकाशात रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसेल, तर वर्षभरात दिवाणी दावा करता येतो. भावकीत आणि शेजाऱ्यांत समजुतीने सुटलं तर सगळ्यात बरं, मात्र ती समजूत कागदावर आणा.

प्रस्तावात काय जोडायचं

रस्ता वैयक्तिक अर्जावर मंजूर होत नाही. प्रस्ताव ग्रामपंचायतीचा लागतो आणि त्याचा पाया म्हणजे ग्रामसभेचा ठराव. तो मोघम नको. त्यात साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर, लिहा. साधारण असा असावा:

"मौजे ……, ता. ……, जि. …… येथील ग्रा.मा. क्र. …… (…… ते …… वस्ती) हा रस्ता साखळी क्रमांक …… ते …… या लांबीत कच्चा असून पावसाळ्यात बंद पडतो. वस्तीची लोकसंख्या …… आहे. सदर लांबीत मोऱ्यांसह खडीकरण व डांबरीकरण करणेस ही सभा मागणी करीत आहे. रस्त्याची जागा उपलब्ध व वादमुक्त असून या लांबीवर अन्य योजनेतून काम मंजूर नाही."

ठरावावर सूचक आणि अनुमोदकाचं नाव, सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि ग्रामपंचायतीचा शिक्का असावा. सोबत रस्ता क्रमांकाचं बांधकाम उपविभागाचं पत्र, रस्ता दाखवलेला गाव नकाशा, जागा उपलब्धतेचा दाखला, वस्तीच्या लोकसंख्येचा दाखला आणि काम दुबार होत नसल्याचा दाखला जोडा. रस्त्याचे ठिकाण आणि तारीख उमटलेले फोटो लावा. पावसाळ्यातले असतील तर फार चांगलं. खासगी शेतातून जागा लागत असेल, तर त्या शेतकऱ्यांचे सातबारा उतारे आणि लेखी संमती. शक्य तिथे बक्षीसपत्र नोंदवूनच घ्या. तोंडी होकार देणारे वडील गेल्यावर मुलं काम अडवतात आणि आलेला निधी परत जातो.

रस्ता वनजमिनीतून जात असेल, तर घाबरून सोडून देऊ नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासारख्या सुविधेसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. हा प्रस्ताव वनविभागाकडे स्वतंत्रपणे आणि आधीच जायला हवा. काम मंजूर झाल्यावर परवानगी शोधायला निघालं, तर आर्थिक वर्ष संपून जातं.

कधी द्यायचं

जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो. म्हणून १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून दिवाळीच्या सुमारास प्रस्ताव पोचता करणं उत्तम. हाच रस्ता ग्रामपंचायत विकास आराखड्यातही लिहून घ्या. प्रस्ताव देताना एका प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, कारण पुढचं प्रत्येक स्मरणपत्र त्याच क्रमांकाच्या आधाराने जातं.

मंजुरीचा क्रम असा असतो: शाखा अभियंत्यांची पाहणी आणि अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. "काम मंजूर झालंय" असं कुणी म्हणालं, तर यातली नेमकी कोणती पायरी झाली ते विचारा. नुसती प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे डांबर आलं असं नाही.

काम सुरू झाल्यावर

प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यावर फलक लावणं बंधनकारक आहे आणि पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराची. तिचा खर्च राज्य देतं. खड्डे पडले तर 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. बाकी निधीतल्या कामांचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) करारात लिहिलेला असतो. तो आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर मागा. प्रतींचा खर्च वेगळा. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत.