लांडग्याचा माळ ‘पडीक’ कसा झाला

लांडग्याला कायद्याचं संरक्षण नाही असं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच पंगतीला, पहिल्या परिशिष्टात बसलाय. तरी 2022 च्या एका अभ्यासात भारतभर साधारण 3100 च लांडगे निघाले, म्हणजे वाघांच्या आसपासच, फक्त गवगवा नाही. इंग्रज मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस द्यायचे, 1875 ते 1925 मधे 2 लाखांवर मारले गेले असा अंदाज आहे.

पण खरी गोम ‘पडीक’ या शब्दात आहे. इंग्रजांचा हिशोब सोपा, जिथून सारा येत नाही ती वेस्टलँड, म्हणजे पडीक, मग तिथे काळवीट असो नाहीतर धनगराची मेंढरं. इंग्रज गेले, शब्द राहिला. 1985 ला पडीक जमिनींसाठी देशपातळीवर बोर्ड निघालं आणि वर्षाला 50 लाख हेक्टरवर झाडं लावायचं ठरलं, पुढे 2000 नंतरच्या वेस्टलँड ॲटलासमधेही, म्हणजे पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही, बरेचसे माळ पडीकातच धरले गेले. आपल्याकडे तर अजूनच घोळ: पोटखराबा म्हणजे खातेदाराच्याच गटातला लागवडीला न येणारा तुकडा, गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेलं, पड म्हणजे मुद्दाम न पेरलेलं रान, पण बोलताना सगळं पडीकच! मेंढपाळ मात्र त्याला माळच म्हणतो आणि माझ्या मते तोच बरोबर आहे.

सोलापूरकडे माळावर ग्लिरिसिडिया हे झाड लावलं गेलं ते याच समजुतीतून. गवताला ऊन लागतं, सावली पडली की ते जातं, मग काळवीट, चिंकारा सरकतात. लांडगा तसाही बराचसा शेळ्यामेंढ्यांवर जगतो पण आता दुसरं काही उरतच नाही, आणि नुकसानभरपाई आहे म्हणावं तर फिरत्या मेंढपाळाला पंचनाम्यासाठी थांबायला वेळ कुठाय. त्यात हिवाळ्यात पिल्लं बिळात असताना मुरमाला जेसीबी आला की संपलंच.

माळढोक पक्ष्यामुळे 1979 ला अभयारण्य झालं, 8496 चौरस किलोमीटरचं, त्यात लांडग्याचंही थोडं भागलं. पण आत लोकांच्या शेतजमिनी, सोलापूर शहरसुद्धा, त्यामुळे ते नंतर 1222 वर आलं. कापायला हवंच होतं, पण माळाला दुसरं काही नाव न देताच कापलं.

आता माळ आकसल्यावर गावची कुत्री जवळ आलीत. पुण्याजवळ कुत्र्याचं रक्त मिसळलेले लांडगे जनुकीय तपासणीत सापडलेत, त्यांना लांडगाच समजून तसंच राहू द्यायचं की पकडून नसबंदी करायची यावर वाद चालू आहे.