लस आणि सीरम : कुत्रा चावल्यावर सुई दोन ठिकाणी का?

सोलापुरात कुत्रा चावला की माणूस सिव्हिल गाठतो. दंडात सुई घेतो, बाही खाली करून उठणार तेवढ्यात सिस्टर म्हणतात, "थांबा मामा, जखमेत अजून द्यायचंय." त्यावर मामांचा ठरलेला प्रश्न, "आत्ताच दिलं की ओ, परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. दंडात दिली ती लस आणि जखमेत देतात ते सीरम. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

लशीत रेबीजचे मारलेले विषाणू असतात. रोग करायची ताकद त्यांच्यात उरलेली नसते, पण शरीराला ओळख पटेल एवढं रूप शाबूत असतं. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, बी आणि टी हे त्यांचे दोन प्रकार. त्यातल्या बी पेशी लाखो तऱ्हेच्या असतात. त्यातल्या मोजक्याच पेशींना नेमका हा विषाणू ओळखता येतो. त्या टी पेशींच्या मदतीने भराभर वाढतात आणि अँटिबॉडी, म्हणजे प्रतिद्रव्यं, बनवायला लागतात. काही पेशी स्मृतिपेशी होऊन मागे राहतात, अगदी वर्षानुवर्षं. मात्र पुरेशा अँटिबॉडी रक्तात दिसायला साधारण 7 ते 14 दिवस जातात.

सीरममध्ये विषाणू नसतोच. घोड्याच्या किंवा माणसाच्या शरीरात आधीच तयार झालेल्या अँटिबॉडी रक्तातून वेगळ्या काढलेल्या असतात. टोचल्याबरोबर त्या कामाला लागतात, पण आपलं शरीर त्यातून काही शिकत नाही. माणसाच्या रक्तातून घेतलेल्या अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात, घोड्याच्या त्याहून लवकर संपतात. आज थंडी वाजतेय म्हणून शेजाऱ्याची चादर आणणं वेगळं आणि घरात माग बसवणं वेगळं. मागावर पहिली चादर निघेपर्यंत दिवस जातात, पण शेजाऱ्याची परत गेली तरी माग घरात राहतो.

रेबीजमध्ये हे दोन्ही लागतं, कारण तो विषाणू रक्तातून न जाता जखमेजवळच्या नसांत शिरतो आणि नसेनसेने मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात, पण चेहऱ्याला किंवा बोटांना चावा असेल तर लवकरही दिसू शकतात. एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. लशीच्या अँटिबॉडी येईपर्यंतचा पहिला आठवडा सीरम सांभाळून नेतं. म्हणूनच ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात, कारण विषाणू तिथेच असतो.

सीरम वजनावर मोजून एकदाच देतात : माणसाचं असेल तर किलोमागे 20 युनिट, घोड्याचं असेल तर 40. जास्त दिलं तर जास्त चांगलं, असं इथे नाही. प्रमाणाबाहेर सीरम दिलं तर लशीचा परिणामच दबतो. त्याच कारणाने लस आणि सीरम एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी देत नाहीत. सीरममधल्या अँटिबॉडी लशीतल्या विषाणूलाच चिकटतील. पहिल्या दिवशी सीरम मिळालंच नाही, तर लशीच्या पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत देता येतं. पुढे गरज नाही, तोवर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं असतं.

प्रत्येकाला सीरम लागतं असंही नाही. धड कातडीवर कुत्र्याने नुसतं चाटलं तर काहीच नको. रक्त न येता ओरखडा उठला तर फक्त लस. कातडी फाटून रक्त आलं, किंवा जखमेवर चाटलं, तर दोन्ही. आणि या सगळ्याआधी नळाखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुणं. तिखट आणि चुना भरणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात. त्याने जखम चिघळते, विषाणू मरत नाही. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीतीही आता सोडावी. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झालं. आता कातडीत द्यायची लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 अशा चार दिवशी असते.

धनुर्वातातही हीच जोडी आहे. खिळा लागल्यावर घेतो ती लस. जखम मातीने भरलेली, खोल, आणि आधीचे डोस अर्धवट असतील तर वेगळ्या जागी तयार अँटिबॉडीही देतात. गंमत म्हणजे धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते. धनुर्वाताच्या जंतूचं विष इतक्या कमी मात्रेत मारतं की शरीराला धडा मिळेल एवढंही ते नसतं.

साप चावल्यावर मात्र लस नाहीच, फक्त सीरम. ज्वारी काढताना घोणस चावली तर जे देतात ते घोड्यांच्या रक्तातून काढलेलं. एकाच बाटलीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा. इथे वजनाचा हिशोब नाही. पोराला आणि बापाला तेवढाच डोस, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. आणि एकदा साप चावून वाचलेला माणूस दुसऱ्या वेळी सुरक्षित असतो, ही समजूत साफ खोटी.

म्हणून केसपेपरवर काय दिलं, हे बघून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. लशीचे सगळे डोस झालेल्या माणसाला वर्षांनी परत कुत्रा चावला, तर 0 आणि 3 या दिवशी दोन डोस पुरतात, सीरम लागत नाही. स्मृतिपेशी काही दिवसांतच कामाला लागतात. पण सीरम घेऊन जखम भरली, म्हणून 28 व्या दिवशीची लस बुडवली, तर ही सवलत धरता येत नाही.