धर्मविषयक जाहीर वाद : मुंबई इलाखा

परधर्मीयांच्या श्रद्धांची दोन्ही पक्षांच्या अनुयायांसमक्ष उघड चिकित्सा करण्याची एकोणिसाव्या शतकातील पद्धत. मुंबईतील तिची ठळक उदाहरणे साधारणपणे १८३० ते १८५७ या काळातली आहेत. सभेतला तोंडी वाद आणि त्यामागोमाग निघणाऱ्या उत्तर-प्रत्युत्तराच्या पुस्तिका ही तिची दोन अंगे. आज आपल्या हाती मुख्यतः दुसरे अंग उरले आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत या वादांचा संबंध शास्त्रार्थाशी जोडते. मात्र शास्त्रार्थात प्रमाणग्रंथ उभयपक्षी मान्य असतात, भाषा संस्कृत असते आणि जय-पराजय ठरविणारा मध्यस्थ असतो. पुण्यात १८७० मध्ये शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर झालेला वाद त्या चौकटीत नीट बसतो. मुंबईचे वाद बसत नाहीत. येथे एकाचे प्रमाण वेद, दुसऱ्याचे बायबल, भाषा मराठी, आणि निर्णय द्यायला कोणी नेमलेलेच नाही. दुसऱ्या मतानुसार ही मिशनऱ्यांच्या रस्त्यावरील उपदेशाची वाढ होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली, त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि बाजारात उभे राहून बोलणाऱ्याला श्रोते उलट प्रश्न विचारू लागले. तिसरे मत लोकभाषेतल्या संवादपरंपरेकडे बोट दाखवते. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टवाळी करतात आणि शेवटी आलिंगन देतात. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही (१६१६) श्रोता शंका विचारतो. ही साम्ये आकर्षक असली, तरी तेथे दोन्ही बाजू एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. शिवाय ‘ख्रिस्तपुराणा’च्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन (पाखंडाची चौकशी करणारे चर्चचे न्यायासन) होते, तेथे उघड प्रतिवादाला जागा असणे संभवत नाही. सभेचा साचा मिशनऱ्यांचा आणि ऐकण्याची सवय कीर्तन-पुराणातली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पहिले वाद : स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) १८२९ मध्ये मुंबईत आले आणि लगेचच त्यांचे ब्राह्मण पंडितांशी वाद झडू लागले. त्यांपैकी मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला वाद विशेष महत्त्वाचा. दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ छापली, विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला उत्तर दिले. साताऱ्याच्या नारायणराव यांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ लिहिली. तिला विल्सन यांचे उत्तर १८३४ चे. पुराणातील देवांचे आचरण, अवतार, मूर्तिपूजा, पाप आणि मुक्ती हे विषय पुनःपुन्हा येतात. दांडेकरांनी पुढे १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिकही काढले. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ त्याआधीच, १८४२ मध्ये, सुरू झाले होते. मुसलमान व पारशी विद्वानांशीही विल्सन यांचा लेखी वाद झाला.

धर्मांतराचा प्रसंग आला की वादाचा सूर पालटे. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी विल्सन यांच्या शाळेतून मुले काढून घेतली. ख्रिस्ती झालेले ब्राह्मण नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून आला होता; त्याच्या बाबतीत (१८४३) तर हिंदू समाजातच दोन तट पडले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असे बाळशास्त्री जांभेकरांचे मत होते.

समुद्रकिनारचा वाद : विष्णुबावा ब्रह्मचारी ऊर्फ विष्णू भिकाजी गोखले (१८२५–७१) यांनी मुंबईत चौपाटीवर मिशनऱ्यांशी केलेला वाद हा या पद्धतीचा कळस समजला जातो. बावा मूळचे कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे. जकात खात्यातील नोकरी सोडून सप्तशृंगीवर त्यांनी तपश्चर्या केली होती. सभांचा काळ १५ जानेवारी ते २८ मे १८५७ असा दिला जातो. या दोन्ही तारखा गुरुवारच्या आहेत. त्यामुळे सभा आठवड्याच्या ठरावीक वारी भरे या सांगण्याला बळकटी येते. या अवधीत वीस गुरुवार येतात. प्रत्येक गुरुवारी वाद झालाच, असे मात्र धरू नये.

प्रतिपक्षात जॉर्ज बोवेन (१८१६–८८) हे अमेरिकन मिशनरी प्रमुख होते. त्यांनी १८५७ मध्येच इंग्रजीत सभांचा सारांश प्रसिद्ध केला. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक बावांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघाले. एक वृत्तांत प्रतिपक्षाचा आणि ताजा, दुसरा बावांच्या बाजूचा पण पंधरा वर्षांनी छापलेला. प्रसंगांच्या क्रमासाठी पहिल्यावर, तर बावांच्या युक्तिवादाच्या ठेवणीसाठी दुसऱ्यावर विसंबणे बरे. वाद कोणी जिंकला याबाबत दोहोंवरही विसंबू नये. बावांची भूमिका वेदान्ती होती. वेदोक्त धर्म परिपूर्ण असल्याचे सांगून ते बायबलातील विसंगतींवर बोट ठेवीत. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ (१८५९) या ग्रंथात हीच मांडणी विस्ताराने आली आहे.

सभा का थांबल्या? मेरठचा उठाव १० मेचा, शेवटची सभा २८ मेची. या सान्निध्यामुळे सरकारी धाक हेच कारण मानण्याकडे कल असतो आणि तो निराधार नाही. तथापि जूनमध्ये पाऊस लागल्यावर चौपाटीच्या वाळूत सभा भरणे शक्य नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

श्रोते : दोन्ही वृत्तांत वक्त्यांचे आहेत. श्रोत्यांपैकी ब्राह्मणेतर किती, स्त्रिया होत्या की नाही, यावर त्यांतून फारसा प्रकाश पडत नाही. वंश आणि जात यांची उघड चर्चा ठळकपणे पुढे येते ती जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३). तीही संवादरूपच असून अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेली आहे.

अन्यत्र : मुसलमान विद्वान रहमतुल्ला कैरानवी व जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांचा आग्र्याचा वाद (१८५४), श्रीलंकेतील पानदुरा येथील बौद्ध-ख्रिस्ती वाद (१८७३) आणि उत्तर हिंदुस्थानातील चांदापूरच्या मेळ्यातील दयानंद सरस्वतींचा वाद (१८७७) ही समकालीन उदाहरणे.

दंगे आणि कायदा : जाहीर वादाने नव्हे, तर छापील मजकुराने मुंबईत दोनदा दंगा पेटला. ऑक्टोबर १८५१ मध्ये एका गुजराती नियतकालिकातील पैगंबरांच्या चित्रावरून, आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये पैगंबरांविषयीच्या मजकुराच्या गुजराती भाषांतरावरून. दोन्ही वेळा मुसलमान व पारशी समोरासमोर आले.

मेकॉलेच्या विधि आयोगाने दंडसंहितेच्या मसुद्यात (१८३७) धर्मचर्चेला वाजवी मोकळीक असावी, पण चर्चेच्या आडून हेतुपुरस्सर अवमान होऊ नये, अशी भूमिका घेतली होती. भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली. धर्मविषयक अपराध तिच्या कलम २९५ ते २९८ मध्ये आले. त्यांपैकी कलम २९८ हे उच्चारलेले शब्द, आवाज व हावभाव यांना लागू होते आणि त्यासाठी भावना दुखावण्याचा बुद्धिपुरस्सर हेतू सिद्ध व्हावा लागे. वर्गावर्गांत वैरभाव पसरविण्याविषयीचे कलम १५३ अ १८९८ मध्ये आले, तर धर्मभावना दुखावण्याच्या हेतूने केलेल्या अवमानाविषयीचे कलम २९५ अ लाहोरच्या एका पुस्तिकेच्या खटल्यानंतर १९२७ मध्ये. भारतीय न्यायसंहितेत (अंमल १ जुलै २०२४ पासून) २९५ अ, २९८ आणि १५३ अ यांच्या जागी अनुक्रमे कलम २९९, ३०२ आणि १९६ आहेत.