५४वी मॅसॅच्युसेट्स ही पहिली कृष्णवर्णीय पलटण नव्हती

अमेरिकी यादवी युद्धात केंद्राच्या बाजूने लढलेली पहिली कृष्णवर्णीय पलटण म्हणजे ५४वी मॅसॅच्युसेट्स, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तारखा पाहिल्या की हा दावा टिकत नाही.

५४वी रीतसर सैन्यात दाखल झाली १३ मे १८६३ रोजी. लुईझियाना नेटिव्ह गार्ड्‌स या कृष्णवर्णीय सैनिकांच्या दलाची पहिली पलटण मात्र न्यू ऑर्लिन्समध्ये २७ सप्टेंबर १८६२ लाच दाखल झाली होती. तिचे कॅप्टनसुद्धा कृष्णवर्णीय, तर ५४वीचे अधिकारी सुरुवातीला सगळे गोरे. कॅन्ससची कृष्णवर्णीय पलटण तर रीतसर दाखल होण्याआधीच, २९ ऑक्टोबर १८६२ ला मिझुरीत आयलंड माउंडला लढली.

लुईझियानातल्या पोर्ट हडसन या बंडखोर दक्षिणेच्या ठाण्याच्या तटावर नेटिव्ह गार्ड्‌स चालून गेले आणि त्यांचे कॅप्टन आंद्रे कायू मारले गेले, ती तारीख २७ मे १८६३. ५४वीने बोस्टन सोडलं दुसऱ्या दिवशी!

गोंधळ का झाला? ईशान्येकडच्या राज्यांत उभारलेली पहिली कृष्णवर्णीय पलटण हीच, हे खरं. त्यात तिचे प्रमुख कर्नल शॉ बोस्टनच्या बड्या घराण्यातले, आणि १८९७ मध्ये तिथे शॉ व ५४वीचं भव्य शिल्पही उभं राहिलं. दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर ५४वीने १८ जुलै १८६३ ला केलेल्या हल्ल्याचं मोल याने घटत नाही. फक्त ‘पहिली’ हा शब्द काढायचा.